मंदसौरचा तह वर्गात कसा शिकवावा?

प्रश्न (नवी अध्यापिका, इंदूर)

येथील एका महाविद्यालयात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला इतिहास शिकवण्याचे हे माझे पहिलेच वर्ष आहे. मी घटना क्रमाने सांगते, फळ्यावर सनावळी लिहिते, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि चाचणीत जशीच्या तशी लिहितात. परवा मात्र मी विचारले, की २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडून इंदूरच्या होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी त्या दोघांत मंदसौरचा तह झाला, तर मधल्या सोळा दिवसांत दरबाराला काय काय ठरवावे लागले असेल? सारा वर्ग गप्प राहिला. रोज होळकरांच्या राजवाड्यावरून येणाऱ्या मुलांना हा प्रश्न आपला वाटू नये, याचे मला फार वाईट वाटले. मूळ साधने वर्गात न्यावीत असे सगळेच सांगतात; पण साठ मुलांसह एका तासात ते कसे साधावे?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, ग्वाल्हेर)

ताई, संपूर्ण तह नेऊ नका. एचिसन या इंग्रज अधिकाऱ्याने संपादित केलेल्या तहसंग्रहात तो छापलेला आहे. त्यातील तीनच कलमे हिंदीत उतरवून एका पानावर द्या : राजपूत संस्थानांवरील हक्क सोडणे, सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख कंपनीला देणे आणि गफूरखानाला जावऱ्याचा प्रदेश कायम करून देणे. प्रत्येक कलमासमोर कोणी काय गमावले आणि कोणाला काय मिळाले, एवढेच लिहायला सांगा. गफूरखान होळकरांच्याच बाजूचा सरदार होता आणि धन्याचा पराभव झाल्यावर त्याचे स्थान मात्र तहानेच पक्के झाले, हे ध्यानात येताच मुले बोलू लागतात. मग विचारा, की राजा मल्हारराव अल्पवयीन, लढाईच्या तोंडावर त्याच्या नावाने कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा वध झालेला, अशा वेळी होळकरांच्या वतीने बोलणी करणाऱ्या तात्या जोगांच्या हाती उरले तरी काय होते? प्रश्न टाकल्यावर आपणच उत्तर देण्याची घाई करू नका. माझी ही सवय सुटायला बरीच वर्षे लागली.

उत्तर (अध्यापक, वडोदरा)

सरांच्या म्हणण्याशी मी अर्धाच सहमत आहे, कारण आधीचा क्रम ठाऊक नसेल तर मुलांसमोर ठेवलेले कलम मुकेच राहते. १८०२ मधील मल्हाररावांचे वडील यशवंतराव होळकर यांचा पुण्यावरील विजय, त्याच वर्षअखेरचा पेशवे आणि इंग्रजांमधील वसईचा तह, १८०५ चा यशवंतराव आणि इंग्रजांमधील राजघाटचा तह आणि १८११ मधील यशवंतरावांचा मृत्यू, एवढी साखळी पहिल्या दहा मिनिटांत सांगाच. सनावळी वाईट नाही; तिच्यावरच थांबणे वाईट. शिवाय तहाचा मसुदा जिंकलेल्या पक्षाचा आहे, तेव्हा त्यात कशाचा उल्लेखच नाही हेही मुलांना शोधायला लावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोन्ही सूचना एकत्र करून काल तास घेतला. सुरुवातीची शांतता मला असह्य झाली, तरी मी बोलले नाही. शेवटी मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, की इंदूरच्या रेसिडेन्सी भागाचे नाव या तहानंतर येथे राहू लागलेल्या कंपनीच्या प्रतिनिधीवरून पडले का? त्या एका प्रश्नावर उरलेला सारा तास गेला आणि तिसरे कलम राहूनच गेले, पण त्याची मला खंत नाही. आता मुलांना त्या भागात नेण्याची परवानगी मी मागितली आहे. १ जुलै १८५७ रोजी रेसिडेन्सीवर झालेल्या हल्ल्याविषयी तिथे उभे राहून वाचता येईल असा एखादा छोटा उतारा आपण सुचवाल का?