बायबल समजून घ्यायचंय (धर्मांतर नको), सुरुवात कुठून करावी?

परभणीकर_वाचक
आमचा पाच-सहा जणांचा ज्ञानेश्वरी वाचनाचा गट आहे. आता तीन महिने ख्रिस्ती श्रद्धा समजून घ्यायची आहे, धर्म बदलायचा नाही. कोणतं पुस्तक घ्यावं? चर्चमध्ये नुसतं बसलेलं चालतं का?

जुनं_पान
पहिल्या पानापासून घेऊ नका. उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तकं गोष्टींच्या जोरावर सरसर जातात, पण तिसऱ्या, लेवीयमधले अर्पणांचे नियम लागले की निम्मा गट गळतो. थेट बायबलच्या दुसऱ्या भागातलं, म्हणजे नव्या करारातलं लूकचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र) घ्या. २४ अध्याय आहेत, आठवड्याला दोन धरले की बारा आठवडे. पुढे वाचायचं झालं तर ‘प्रेषितांची कृत्ये’ (येशूच्या शिष्यांची पुढची हकिगत). लेखक तोच, आणि दोन्ही थियफिल नावाच्या एकाच माणसाला उद्देशून लिहिलेली. पौल या प्रेषिताची पत्रं त्यानंतर. त्यातलं रोमकरांस पत्र आधी उघडलं तर वाद कशाचा चाललाय तेच कळत नाही.

प्रॉटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तकं, कॅथलिक प्रतीत ७३. जास्तीची सात जुन्या करारात आहेत, म्हणून लूकसाठी कुठलीही प्रत चालेल. जुनी मराठी जड गेली तर फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ पाहा, टिपाही आहेत. (२०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, तेच.)

ओवीप्रेमी
ज्ञानेश्वरी वाचणाऱ्यांनी आधी रेव्हरंड ना. वा. टिळकांची अभंगरचना घ्यावी. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी, तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणायचा. चाल ओळखीची, मन लगेच लागतं.

जुनं_पान
मन लागतं, तिथंच गफलत होते. आधी टिळक वाचले की येशूचं प्रत्येक वाक्य तुकोबांच्या कानांनी ऐकू येतं. लूक संपू द्या, मग टिळक दुप्पट गोड लागतील.

मंडळ_चालक
चर्चा कशी करायची ते सांगतो. नमुन्याला लूक १५:११–३२ (अध्याय १५, वचनं ११ ते ३२), हरवलेल्या मुलाचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा. एकानं मोठ्यानं वाचायचं, मग दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. पहिला प्रश्न फक्त ‘काय घडलं?’ इथं बाप दोनदा घराबाहेर येतो. घर सोडून गेलेला धाकटा परततो तेव्हा त्याच्यासाठी धावत जातो, आणि रुसलेल्या थोरल्याची समजूत काढायलाही स्वतःच येतो. थोरला शेवटी आत गेला की नाही, हे लूक सांगतच नाही. ‘तात्पर्य काय’वर उडी मारली की हे सगळं निसटतं आणि गाडी थेट कर्मसिद्धांताच्या वादावर जाते. तुलना जरूर करा, पण शेवटच्या पंधरा मिनिटांत.

पाहुणा वक्ता बोलावलात तर अर्धा तास त्याचा, पाऊण तास प्रश्नांचा. उलटं केलं की प्रवचन होतं. पाळक किंवा फादरना तीन प्रश्न आधी लिहून पाठवा आणि उतारा कळवा. ‘ख्रिस्ती धर्म म्हणजे काय’ असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघमच येणार.

रविवारची_घंटा
चर्चमध्ये बसलेलं चालतं, मागच्या बाकावर बसा. दानाची थैली आली तर पुढे सरकवा, कुणी काही म्हणत नाही. प्रभुभोजनाच्या (भाकरी-द्राक्षारसाच्या विधीच्या) वेळी मात्र जागेवरच थांबा. कॅथलिक मिस्सात (त्यांच्या उपासनेत) तर प्रसाद समजून हात पुढे करूच नका. बाप्तिस्मा झालेला कॅथलिकच ते घेतो. नवख्यांची गल्लत नेमकी इथंच होते. पाळकांशी बोलायचं असेल तर उपासना सुटल्यावर गाठा, आधी ते गडबडीत असतात. पहिल्याच भेटीत ‘आम्ही वाचक आहोत, बाप्तिस्म्याचा विचार नाही’ असं सांगून टाका. पुढचं बोलणं मोकळं होतं.

परभणीकर_वाचक
ठरलं, लूकच. वक्ता सहाव्या अध्यायानंतर बोलावू.

मंडळ_चालक
सहाव्यानंतर नको, पंधराव्यानंतर बोलावा. तोवर प्रश्न तुमचे स्वतःचे झालेले असतील.