आवाज न करणारा सीपीयू कूलर सुचवा, आणि कॅबिनेटमधल्या हवेचं काय करू?

सायंतारा:
नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीत घरूनच ऑडिओबुकसाठी वाचन करते, एडिटिंगही स्वतःच. पीसी असा आहे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, त्याच्या बॉक्समधे आलेलाच कूलर, एमएसआयचा बी५५० मदरबोर्ड, १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेट पुढून अख्ख्या काचेचं, काचेमागे तीन रंगीबेरंगी फॅन आणि मागे एक. त्रास असा की नुसतं ब्राउझर उघडलं तरी कूलर घूंऽऽ करून वर चढतो, दोन सेकंदांत खाली, परत वर, आणि हे सगळं माइकमधे येतं. एकसारखी घरघर असती तर नॉइज रिडक्शनने काढली असती पण हा चढउतार निघतच नाही, जास्त काढायला गेलं की माझाच आवाज खराब होतो. एक्सपोर्टला लावलं की टेंपरेचर ८८. खोलीत एसी नाही आणि रेकॉर्डिंगला सीलिंग फॅनही बंद ठेवावा लागतो. बजेट पाच हजार, ताणून सहा. दुकानदार म्हणतो लिक्विड कूलर घ्या मॅडम, आवाजच येत नाही. खरं आहे का? आणि कॅबिनेट बदलावंच लागेल का?

खटपट्या:
लिक्विडच्या नादी लागू नका ताई. त्यात रेडिएटरवर फॅन असतातच, वर पंप चोवीस तास चालू, आणि स्वस्तातल्या पंपाची बारीक गुणगुण शांत खोलीत माइक बरोब्बर उचलतो. ५६०० फार तर ७६ वॅट ओढतो, एवढ्याला पाणी कशाला पाहिजे?
पण कूलर घ्यायच्या आधी नक्की कोण ओरडतंय ते बघा. फुकटचं काम आहे. पुढचं काचेचं पॅनल काढून ठेवा, तेच एक्सपोर्ट परत लावा आणि टेंपरेचर किती उतरतं ते इथे सांगा. मग कॅबिनेटच्या फॅनची एकेक पिन काढून ऐका (पीसी बंद करून काढा, आणि सीपीयू फॅनची पिन मात्र काढायची नाही). बरेचदा लोक महागडा कूलर आणतात आणि आवाज निघतो मागच्या सडक्या फॅनचा. आणि हो, पीसी ठेवलाय कुठे? कॉम्प्युटर टेबलाच्या खणात असेल तर आधी तिथून बाहेर काढा, त्या खणात गरम हवा तिथल्या तिथे फिरत राहते.

रात्रपाळी:
खटपट्या बरोबर बोलतायत पण त्या बॉक्सवाल्या कूलरची बाजू मी घेणार नाही, अ‍ॅल्युमिनियमचा छोटा ठोकळा आहे तो, एकही हीटपाइप (उष्णता वाहून नेणारी नळी) नाही, उष्णता बाहेर टाकायला त्याला फॅन जोरात पळवण्याशिवाय पर्यायच नसतो.
आवाजाचं गणित थोडक्यात सांगतो म्हणजे काय घ्यायचं ते कळेल. फॅनचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले की कानाला तो निम्मा वाटतो. उलट एकसारखे दोन फॅन लावले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. म्हणून मोठा कूलर आणि हळू फिरणारे दोन-तीन फॅन हे एका पळणाऱ्या छोट्या फॅनपेक्षा कधीही शांत.
तुमच्यासाठी डीपकूल एके४०० पुरे, चार हीटपाइप, एक १२० मिमीचा फॅन. थोडे जास्त घालायचे असतील तर थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई, सहा हीटपाइप आणि दोन फॅन. दोन्हींची उंची १५५ मिमी आहे, त्यामुळे कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची किती दिलीय ते बघूनच ऑर्डर करा. नॉक्टुआचा एनएच-डी१५ लोक सुचवतील, भारीच आहे, पण १६५ मिमीचा डोंगर आहे आणि ५६०० साठी उगाच.
आता तो घूंऽऽ चढउतार. तो कूलर बदलूनही पूर्ण जाणार नाही कारण रायझनचं टेंपरेचर क्षणात दहा-पंधराने उडी मारतं आणि बोर्ड त्या प्रत्येक उडीमागे फॅन पळवतो. बायोसमधे (पीसी सुरू होताना उघडता येणारं बोर्डाचं सेटिंग) हार्डवेअर मॉनिटरमधे जा, सीपीयू फॅनचा स्टेप अप टाइम (वेग वाढवायला लावायचा वेळ) वाढवा, स्टेप डाउनही. मग कर्व्ह, म्हणजे किती टेंपरेचरला फॅन किती वेगात, असा ठेवा: ६० डिग्रीपर्यंत सपाट ३५ टक्के, ७५ ला ५५, ८५ ला १००. सपाट भाग महत्त्वाचा, रेकॉर्डिंग करताना तुम्ही त्याच भागात असाल.

वऱ्हाडी_ठेचा:
ताई, आमच्या नागपूरला मे महिन्यात खिडकीतला कूलर एवढा गरजते की पीसीचा आवाज कोणाले येत नाही 😄 पण एक लक्षात ठेवा, हवेवरचा कूलर खोलीच्या टेंपरेचरच्या खाली थंड करूच शकत नाही. खोलीत ३४ आणि प्रोसेसर ८० असन तर फरक ४६ चा, तेच जानेवारीत खोलीत २४ झाली की प्रोसेसर ७० च्या आसपास येते. म्हणून युट्यूबवर परदेशातल्या एसीच्या खोलीतले आकडे पाहून घाबरू नका. या प्रोसेसरची मर्यादा ९० आहे, त्याच्या वर तो स्वतःच वेग कमी करते.

सायंतारा:
बापरे, एवढं सविस्तर! हो, टेबलाच्या खणातच होता, मागून फळी. बाहेर काढला, काच काढली, तेच चॅप्टर परत एक्सपोर्टला लावलं तर ८८ चं ७७! पिना काढायला गेले तर पुढच्या तिन्ही फॅनच्या वायरी एकमेकांत अडकवून एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) जाड चार पिनवाल्या कनेक्टरला लावल्यात, बोर्डात त्यांचं काहीच नाही. तो कनेक्टर काढल्यावर खोली एकदम शांत झाली, म्हणजे अर्धी घरघर त्यांचीच होती. कॅबिनेटवर कूलर उंची १६० लिहिलंय. आता काच कायमची काढून ठेवू? धूळ खूप आहे, समोर रस्त्याचं काम चालूच असतं.

खटपट्या:
बघा, आला चोर हातात. ते फॅन थेट १२ व्होल्टवर पूर्ण वेगात पळतायत, त्यांना हळू करायला कोणी नाही. वर काचेच्या कडेला बोटभर फट, तिथून हवा ओढताना जो सूंऽ येतो तो वेगळाच.
रंगीत फॅन काढा, त्या जागी चार पिनवाले पीडब्ल्यूएम (बोर्डाला वेग कमीजास्त करता येतो असे) १२० मिमीचे दोन लावा, आर्क्टिक पी१२ चांगले आहेत, स्प्लिटर (एका जागी दोन फॅन जोडायची वायर) घेऊन बोर्डाच्या सिस्टिम फॅनच्या जागी जोडा आणि ७०० ते ८०० आरपीएमवर सोडून द्या. पुढून दोन आत, मागून एक बाहेर. वरती फॅन लावायचा मोह टाळा, विशेषतः वर पुढच्या बाजूला, तो पुढून आलेली थंड हवा कूलरपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर फेकतो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त राहिली की फटींतून धूळ ओढली जात नाही, जी येते ती पुढच्या जाळीतूनच, आणि जाळी दर रविवारी झटकता येते. काचेच्या जागी बारीक नायलॉनची जाळी मॅग्नेटिक पट्टीवर लावा, हार्डवेअरच्या दुकानात मच्छरजाळीची पट्टी मिळते ती चालते. दिसायला काही खास नाही पण तुम्ही वाचता, पीसी दाखवत नाही.
दिशा कळत नसेल तर उदबत्ती लावून पुढे धरा, धूर आत गेला पाहिजे आणि मागून निघाला पाहिजे.

रात्रपाळी:
जाळीला माझी थोडी हरकत, फार बारीक घेतली तर काचेसारखीच हवा अडवेल. हात लावून बघा, फॅन चालू असताना जाळीतून ओढ जाणवली पाहिजे.
कूलर बसवताना एक सांभाळा. एएम४ मधे, म्हणजे तुमच्या बोर्डावरच्या सॉकेटच्या प्रकारात, प्रोसेसर पिनांवर नुसता धरलेला असतो, जुना कूलर सरळ वर ओढला तर दोघांमधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं एक्सपोर्ट चालवून पेस्ट गरम करा, मग पीसी बंद, प्लग काढा, चारी स्क्रू सोडवा आणि कूलर डावीउजवीकडे हळूहळू फिरवत सुटा करा. स्क्रू निघाले की बोर्डामागची पट्टी मोकळी होते, ती हाताने धरून ठेवा, नव्या कूलरला तीच लागते. कूलरचा फॅन रॅमच्या बाजूला, म्हणजे हवा मागच्या फॅनकडे जाईल.

सायंतारा:
एके४०० आणि दोन पी१२ ऑर्डर केले. ग्राफिक्स कार्डचं काही करायचं का? आणि माइक कुठे ठेवू?

वऱ्हाडी_ठेचा:
कार्डाले हात लावू नका, वाचताना त्याच्यावर लोड नसते, बऱ्याच १६६० सुपरचे फॅन तेव्हा थांबलेलेच राहतात, एकदा डोकावून पाहून घ्या. माइक कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त उचलणारा) असन तर त्याची पाठ पीसीकडे करा, मागून येणारा आवाज तो सगळ्यात कमी उचलते. पीसी तुमच्या समोर, माइकच्या मागे, भिंतीपासून हातभर लांब. जुना कूलर फेकू नका, कधी पीसी विकाले काढला तर कामी येते.