रोज पिणाऱ्याला ग्लुटाथायोनच्या गोळ्या देऊन काही होतं का?

नगरची_ताई:
आमचा दादा रोज एक क्वार्टर घेतो, कधी जास्तच, बरीच वर्षं झाली. आता जिममधल्या कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलंय की ग्लुटाथायोन (शरीरातलंच एक अँटिऑक्सिडंट) आणि अमिनो ॲसिडची पावडर घे, लिव्हर साफ राहतं. म्हणजे पिणं चालूच आणि वर हे महागडे डबे. रिपोर्टमध्ये लिव्हरच्या दोन एन्झाइमपैकी एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीच्या वर आलंय. याला काही अर्थ आहे का?

परीक्षानळी:
क्वार्टर म्हणजे १८० मिली, ४२.८ टक्क्याने रोजचं जवळजवळ ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झालं, कमी नाही हां. सतत पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये सीवायपी२ई१ हे एन्झाइम वाढतं, त्याच्यातून पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल्स निघतात आणि ते निस्तरायला ग्लुटाथायोन खर्ची पडतं. ते लिव्हर स्वतःच बनवतं, ग्लुटामेट, सिस्टीन, ग्लायसीन या तीन अमिनो ॲसिडपासून. सिस्टीन बरंचसं मेथिओनीन या आणखी एका अमिनो ॲसिडपासून येतं आणि दारू नेमकी तीच साखळी बिघडवते, फोलेट हे व्हिटॅमिन घटतं, होमोसिस्टीन हा मधला पदार्थ साठतो. त्यात मायटोकाँड्रियाला, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाला, स्वतःचं ग्लुटाथायोन बनवता येत नाही, बाहेरून आत घ्यावं लागतं आणि दारूने ते आत जाणंच मंदावतं. गोळीतलं ग्लुटाथायोन तर बरंचसं आतड्यातच तुटतं, मग कसली सफाई!
एसजीपीटी कमी दिसतंय म्हणून खूष होऊ नका. त्या एन्झाइमला बी६ व्हिटॅमिन लागतं, पिणाऱ्यांच्यात तेच कमी असतं.

सांगलीकर८१:
वडिलांना सिरॉसिस होता, म्हणजे लिव्हर कडक झालेलं. प्रोटीनने रक्तात अमोनिया वाढेल म्हणून घरच्यांनी डाळ, अंडी, दूध सगळं बंद केलं आणि त्यांचे हातपाय काड्यांसारखे झाले. नंतर डाएटिशियनने झापलं, म्हणाली लिव्हर थकलं की अमोनिया उचलायचं काम स्नायू करतात आणि तुम्ही स्नायूच वाळवताय. किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन सांगितलं, शिवाय झोपायच्या आधी काहीतरी खायचंच. पावडर नव्हती, साधं घरचं खाणं.

नगरची_ताई:
बापरे, आमच्याकडे पण आई डाळ नको म्हणत होती. आणि एन-ॲसिटिलसिस्टीनचं (सिस्टीनचंच एक रूप) काय? तेही डब्यावर लिहिलंय. सकाळी डोकं दुखलं की तो पॅरासिटामॉल पण घेतो.

परीक्षानळी:
एन-ॲसिटिलसिस्टीन सलाईनमधून, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडबरोबर, गंभीर अल्कोहोलिक हिपॅटायटिसच्या (दारूने लिव्हरला सूज) पेशंटना देऊन फ्रान्समध्ये ट्रायल झाली होती, २०११ ला छापून आली. पहिल्या महिन्यात मृत्यू कमी झाले पण ६ महिन्यांनी ठोस फरक राहिला नाही. त्यावरून जिमच्या डब्याला सर्टिफिकेट मिळत नाही.
मला खरी काळजी पॅरासिटामॉलची वाटते. तेच सीवायपी२ई१ त्याच्यापासून विषारी पदार्थ बनवतं आणि तो मारायला ग्लुटाथायोनच लागतं, जे आधीच संपत आलेलं. किती चालेल ते लिव्हरच्या डॉक्टरलाच विचारा, मनाने नको. आणि दारू घरच्या घरी एका झटक्यात बंद करायला लावू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवा, थायामिन (बी१ व्हिटॅमिन) वगैरे तेच सुरू करतील.




नगरची_ताई:
सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. डबा पण घेऊन जाते दाखवायला.