विषय: गणपती – हॉल, दारं, मोदक

प्रेषक: अभय (सचिव)

नमस्कार मंडळी,
आपल्या शिकागोकडच्या मंडळाच्या गणपतीला यंदाही शाळेचा हॉल मिळालाय. शाळेची नवी अट अशी की पार्किंगच्या बाजूचं एकच दार उघडं राहील. बाकीची बाहेरून बंद, आतून ढकलली की उघडतात. पिशव्या दारावर तपासतील. नैवेद्याचे डबे चालतील, विचारून घेतलंय. मोदक किती हवेत ते रविवारपर्यंत कळवा, मागच्या वर्षी कमी पडले होते.

प्रेषक: नीला, शॉमबर्ग

अभय, एकच दार का, हे तू लिहिलं नाहीस. आलेल्या अकरा उत्तरांतही ते कुणी विचारलेलं नाही. अकराही जण मोदकांवर!

2007 मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबारात 32 जण गेले, त्यांत मुंबईची एक विद्यार्थिनी होती. तेव्हा या लिस्टवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. 2012 च्या डिसेंबरात सँडी हूक शाळेतल्या गोळीबारात वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं गेली. संक्रांतीला आपण 26 पणत्या लावल्या. तिळगूळ वाटताना कुणाच्या तोंडून 'गोड बोला' निघेना. आणि 2022 चा चार जुलै? हायलंड पार्क माझ्या घरापासून गाडीने चाळीस मिनिटं. परेडवरच्या गोळीबारात सात माणसं मेली. मी काय केलं? 'आम्ही सगळे सुखरूप' असा मेसेज टाकला आणि वड्यांची भाजी परतायला घेतली. पुढच्या रविवारी आपली पिकनिक ठरल्याप्रमाणे झाली.

परवा नात बाहुल्यांना भिंतीशी ओळीनं बसवत होती. म्हटलं, पंगत का? म्हणाली, "नाही आजी, लॉकडाउन. शाळेत बंदूकवाला आला की लपायचं ना, तो. कुणी बोलायचं नाही." इतक्या सहज, की मीही पुढे काही विचारलं नाही.

प्रेषक: विनायक, नेपरव्हिल

नीलावहिनी, न बोलणं म्हणजे न वाटणं नव्हे. प्रत्येक बातमी उराशी धरली तर सोमवारी कामावर कोण जाईल? आणि सगळेच गप्प नव्हते. हायलंड पार्कनंतर सहा महिन्यांत, जानेवारी 2023 मध्ये, इलिनॉयनं असॉल्ट रायफलींच्या विक्रीवर बंदी आणली. लोकांनी आमदारांना फोन करकरून पिडलं होतं. त्यांत मीही होतो. (ग्रीन कार्डवाल्याचा फोनही घेतात, बरं का.)

तुमच्या यादीत मात्र एक खोट आहे. 2021 मध्ये या देशात बंदुकीनं 48,830 माणसं गेली. निम्म्याहून जास्त आत्महत्या. परेडमधली, शाळेतली त्यात अगदी मूठभर. बाकीच्यांसाठी आपण पणती कधी लावली? शिकागोच्या दक्षिण भागात शनिवार-रविवारी कोण गेलं, हे आपण 2007 मध्येही वाचत नव्हतो. तेव्हा संवेदना बोथट झाली म्हणताना, ती धारदार नेमकी कुणासाठी होती तेही बघा.

प्रेषक: ऋजुता

काका, मावशी, माझं मराठी लिहिणं सांभाळून घ्या.

तुम्हाला आधीचं शांत जग माहीत आहे, म्हणून आता काहीतरी हरवलंय असं वाटतं. कोलंबाइन शाळेतला गोळीबार झाला 1999 मध्ये, तेव्हा मी पहिलीत. मला 'आधी' नाहीच. आता मी शिकवते. बाहेरून वर्गातलं कुणी दिसू नये म्हणून दाराच्या काचेवर ओढायचा काळा कागद नीट आहे ना, हे रोज सकाळी बघते, फळा पुसावा तसं. कुणी याला निर्ढावणं म्हणेल. पण ते बघितल्याशिवाय मला हजेरी घेता येत नाही.

दारावर मी उभी राहीन. एकच विनंती, कागदी तुकडे उडवणाऱ्या तोफा नकोत. हायलंड पार्कला पहिले आवाज अनेकांना फटाक्यांचेच वाटले होते. आणि ताशाचं काय करायचं? लांबून तो कसा ऐकू येतो, माहीत आहे ना?

प्रेषक: अभय (सचिव)

तोफा रद्द. ताशा राहील, पण बाहेर फक्त 11 ते 11.20. ती वेळ पोलिसांना आणि शेजारच्या घरांना आधीच कळवली आहे. मागच्या वर्षी एकांनी ताशा ऐकून 911 (पोलिसांचा तातडीचा नंबर) लावला होता, ते मी तेव्हा इथे लिहिलं नव्हतं.

ऋजुता, 9.30 ला ये.
मोदक आतापर्यंत 310.