मदत हवी आहे: मुलांच्या एफएमआरआयमधली डोक्याची हालचाल

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात ८ ते १२ वर्षांच्या, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या मेंदूतल्या जोडण्या, म्हणजे कोणते भाग एकत्र काम करतात ते, एफएमआरआयने (रक्तप्रवाहावरून मेंदूची क्रिया टिपणारा स्कॅन) विश्रांतीच्या अवस्थेत, कुठलंही काम न देता, तपासतो आहोत. ३ टेस्ला स्कॅनर, टीआर (एका फ्रेमला, म्हणजे मेंदूच्या एका पूर्ण चित्राला लागणारा वेळ) २ सेकंद, ८ मिनिटं म्हणजे २४० फ्रेम, डोळे उघडे, नजर फुलीवर. अडचण हालचालीची. पाचव्या मिनिटाला पायाची बोटं वळवळू लागतात आणि डोक्याच्या हालचालीच्या आलेखावर ०.४ मिमीचे सुळके उभे राहतात. अशा हालचालीने जवळच्या भागांतला संबंध खोटाच वाढलेला दिसतो, लांबचा घटलेला. नेमका हाच फरक एडीएचडीचा समजला जाईल, ही खरी भीती.

नकली स्कॅनरमध्ये सराव, डोक्याभोवती फोम, २४ हालचाल-घटक (डोक्याच्या सरकण्या-वळण्यावरून काढलेली मापं) सिग्नलमधून वजा करणं, सगळं करून झालं. ०.२ मिमीहून जास्त हालचालीच्या फ्रेम गाळल्या तर एडीएचडी गटातल्या बऱ्याच मुलांच्या १५० फ्रेमही उरत नाहीत. कार्टून लावलं की मुलं शांत पडतात, पण मग ती विश्रांतीची अवस्था राहत नाही. गुंगीचं औषध द्यायचं नाही.

सरासरी हालचाल विश्लेषणात सहचल (ज्याचा परिणाम गणितात वेगळा काढला जातो असा घटक) म्हणून घातली, तर चंचलतेशी जोडलेला खरा फरकही पुसला जाण्याचा धोका. मग दोन्ही गटांना ०.३ मिमीची मर्यादा लावून फ्रेमची संख्या सारखी करावी, की मध्ये विश्रांती देऊन ४-४ मिनिटांचे दोन तुकडे घ्यावेत? आणि तुकडे जोडण्याआधी प्रत्येक तुकड्याची सरासरी आणि उतार (सिग्नलचा हळूहळू सरकणारा कल) वेगवेगळा वजा करायचा ना?