मदत हवी आहे: दशावतारी कलाकार आणि आशाताईंचं एकत्र प्रशिक्षण कसं बसवावं?

नमस्कार मंडळी,

कुडाळ तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करते. मानसिक आजारातून सावरलेली, दिव्यांग, किंवा मुलं मुंबईला गेल्यामुळे मागे उरलेली म्हातारी माणसं गावात असून नसल्यासारखी असतात. जत्रेला येत नाहीत, वाडीच्या बैठकीला त्यांना कुणी बोलावत नाही. ती पुन्हा चारचौघांत मिसळावीत म्हणून काही दशावतारी नट (दशावतार म्हणजे कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य), पिंगुळीचे चित्रकथी कलाकार (चित्रं दाखवत गोष्ट सांगणारे) आणि आशाताई (गावच्या आशा आरोग्य स्वयंसेविका) यांना एकत्र शिकवायचं ठरवलंय.

आधी वेळेचं सांगते. तुळशीचं लग्न झालं की नाटकमंडळी रात्रभर जत्रेत, दिवसा झोपलेली. पावसाळ्यात ती मोकळी, पण तेव्हा निम्मी भातलावणीत आणि ताई लेप्टो तापाच्या गोळ्या घेऊन घरोघर. दोडामार्ग-बांद्याकडच्या ताईंना जानेवारीपासून माकडतापाचं काम. लावणी उरकून गणपतीची साफसफाई निघेपर्यंत काय ते दिवस मिळतात.

दुसरी अडचण मोठी. ओळखीच्या बैठकीत ताई म्हणाल्या, "एक पथनाट्य बसवून द्या, शेवटी घोषणा घेऊ." एका ज्येष्ठ नटाने कपाळाला हात लावला. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण काय होणार ते ठरतं, बाकी समोरच्याच्या वाक्यावर आपलं वाक्य तिथल्या तिथे रचायचं. खरं तर ताईंनी हेच उचलावं असं मला वाटतं. रकाने भरत प्रश्न विचारण्यापेक्षा समोरचा काय बोलला त्यावर बोलायचं. (हे तिथे बोलण्याची माझी हिंमत नव्हती.)

मग विनोदी कामं करणाऱ्या एका नटाला म्हटलं, आजारी माणूस करून दाखवा. त्यांनी मान वाकडी केली, डोळे फिरवले, तोतरं बोलायला लागले. ताई पोट धरून हसल्या. आमचा एक सहकारी स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या घेतो. तो उठून दाराशी चपला शोधायला लागला.

नटाला तरी काय बोलणार? आजवर टाळी त्यालाच मिळत आलीय. त्यांचा मान राखून हे बदलायचं कसं?

ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरबद्दल वाचलंय. प्रेक्षक नाटक थांबवतो आणि पात्राच्या जागी स्वतः उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेचा कला आणि आरोग्यावरचा २०१९ चा अहवालही चाळला. ९००हून जास्त प्रकाशनांचा आढावा आहे, निधी मागायला उत्तम, पण पहिल्या दिवशी सकाळी काय करायचं ते त्यातून कळत नाही. कुणी असं काही केलंय का?

खाडीकाठ: मनोरुग्णांच्या वॉर्डात परिचारिका होते, त्यावरून सांगते. चपला शोधणाऱ्या त्या सहकाऱ्यालाच प्रशिक्षक करा, नटांइतकंच मानधन देऊन. मात्र त्याला स्वतःची कहाणी सांगायला लावू नका. फोटोही विचारल्याशिवाय नको. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. आणि कलाकारांना उपचार करायला शिकवायच्या फंदात पडू नका. कुणाला भरून आलं तर नाटक थांबवायचं, शेजारी बसायचं, ताईला बोलवायचं, एवढं पुरे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर प्रत्येकाकडे हवाच.

झिलकरी: ह्यां काम बरां हा. विनोद काढू नका, नट रुसेल आणि नाटक अळणी होईल. त्याला रुग्णाऐवजी शेजारी द्या. "बाहेरचं झालंय, अमक्या भगताकडे न्या" म्हणत आगाऊ सल्ले देणारा वाडीतला शहाणा. बघा कसा खुलतो. लोकांसमोर यायला जे बिचकतात त्यांना कळसूत्री बाहुल्यांकडे वळवा. दोऱ्या धरणारा आडोशाला असतो, लोकांची नजर बाहुलीवर. चित्रकथीतही लोक चित्राकडेच बघतात.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. वाडीतला शहाणा भन्नाट आहे, उद्याच सांगते त्यांना. खाडीकाठताई, सहकाऱ्याला विचारेन, नको म्हणाला तर आग्रह करणार नाही. अजून एक: आशाताईंना कामावर मोबदला मिळतो, प्रशिक्षणाला बसल्या की तेवढा बुडतो. तो संस्थेने भरून द्यावा की तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून हे काम म्हणून धरून घ्यावं? पत्र कसं लिहिलंत ते कुणी सांगेल का?