आठवीच्या संगणकाचं प्रात्यक्षिक तुम्ही नेमकं कसं तपासता?

माणदेशी_मास्तर

नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवतो. यंदा संगणकही माझ्याच गळ्यात पडलाय. ज्याला यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती) भरता येतं त्याला संगणक शिकवता येतो, असा आमच्याकडे समज आहे. आठवीच्या दोन तुकड्या, एकेकीत साठच्या आसपास पोरं. लॅबमध्ये चालू अवस्थेतले पाच डेस्कटॉप. इन्व्हर्टर आहे, बॅटरी नाही.

आधीपासून चालत आलेला पेपर असा: सीपीयूचं पूर्ण रूप लिहा, इनपुट साधनांची नावं लिहा, माउसची आकृती काढून भागांना नावं द्या. पहिल्या सत्रात या पेपरात पैकीच्या पैकी घेणाऱ्या मुलीला म्हटलं, विज्ञान प्रदर्शनाचा अहवाल मला मेल कर. ती म्हणाली, "सर, मेल म्हणजे व्हॉट्सॲपच ना?" आणि ज्याने पेपर जवळजवळ कोरा दिला तो गडी चुलतभावाच्या फोनवर बैलगाडा शर्यतीच्या रील बनवतो. कट कुठे मारायचा, गाणं कुठे उचलायचं, खाली मराठीत अक्षरं कशी आणायची, सगळं बिनचूक.

या दोघांना श्रेणी कोणती द्यायची? आणि साठ पोरांचं प्रात्यक्षिक पाच मशीनवर घ्यायचं कसं? शाळेत खरंच घेऊन पाहिलेलं कुणी असेल तर सांगा. धोरणाची पीडीएफ नको, ती माझ्याकडे आहे.

आयटी_कनिष्ठ

बारावीला आयटी शिकवतो. आमचा बोर्डाचा पेपर ऑनलाइन असतो, 80 गुणांचा. रिकाम्या जागा, चूक की बरोबर, एक अचूक पर्याय, दोन अचूक, तीन अचूक, जोड्या, शेवटी थोडे कोड. प्रात्यक्षिकाला 20. वस्तुनिष्ठ प्रश्नांना नावं ठेवणं सोपं आहे, पण निकालानंतर पालक तावातावाने आले की तेच प्रश्न आपल्याला वाचवतात. निरीक्षणाचे गुण दिलेत की "माझ्या पोराला कमी का?" ऐकायची तयारी ठेवा. माझं मत, निम्मं वस्तुनिष्ठ राहू द्या.

जुन्नरच्या_बाई

सर, ती माउसची आकृती आधी बंद करा. टचपॅड आणि फोनवर वाढलेल्या पोराला माउसची शेपटी काढायला लावून काय कळणार आपल्याला?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, सातवी-आठवी माझ्याकडे. आठवीपर्यंत आपल्याला परवानगी मागायचीसुद्धा गरज नाही. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. आकारिकच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनतंत्रांत निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम हे सगळं छापलेलंच आहे. रकाने आपण भरतो, फक्त घरी बसून भरतो. वर्णनात्मक नोंदींच्या तयार फाइली ग्रुपवर फिरतात ना, "संगणक आवडीने हाताळतो", "माहितीचे संकलन करतो"? त्या चिकटवण्यात आपण सगळे अ-1 आहोत.

मी एकच काम देते: अर्ज भरणे. आठवीला एनएमएमएस, म्हणजे केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा, असतेच. ती लागली की वर्षाला 12,000 रुपये बारावीपर्यंत मिळतात, त्यामुळे अर्ज म्हटलं की पोरं आणि पालक दोघं कान टवकारतात. खऱ्या पोर्टलवर शाळाच भरते, म्हणून मी खोटा अर्ज बनवते, साधा वर्डमध्ये. नाव मराठीत आणि इंग्रजीत, आधारवर आहे तसंच. स्वतःचा फोटो 50 केबीच्या आत. गुणपत्रकाची पीडीएफ, आडवी आलेली चालणार नाही. फाइलीला स्वतःचा हजेरी क्रमांक आणि नाव, आयएमजी-अमुकतमुक नको. हे सगळं शाळेच्या लॅपटॉपवर नेमक्या फोल्डरमध्ये ठेवायचं. नेट लागत नाही. आमच्याकडे रेंजवर विसंबून काहीच ठरवता येत नाही.

पोरं अडतात ती 50 केबीपाशी. फोनचा फोटो दोन-तीन एमबीचा असतो हेच बहुतेकांना माहीत नसतं, कारण व्हॉट्सॲप गुपचूप लहान करून देतं. क्रॉप केलं की "झालं बाई" म्हणतात. मग मी प्रॉपर्टीज उघडून आकडा वाचायला लावते. तिथून पुढची पाच मिनिटं मी तोंड उघडत नाही, नुसती बघत बसते.

साठ पोरांचं गणित जोड्यांनी सुटतं. एकाच्या हातात माउस, दुसऱ्याचे हात पाठीमागे. हात मागे असलेल्याने तोंडाने सांगायचं आणि माउसवाल्याने सांगितलं तेवढंच करायचं. "ते तिथं दाब" चालत नाही. "फाइलमध्ये जा, सेव्ह ॲज घे, डावीकडे डेस्कटॉप निवड" असं यायला हवं. मग अदलाबदल, दुसरा अर्ज. तुमचा शर्यतवाला गडी हात मागे घेतल्यावर बहुधा गडबडेल, कारण बोटांना येतं ते तोंडात येत नाही. आणि ती पैकीच्या पैकीवाली कदाचित इथेच उजवी ठरेल. एकाच चाचणीत दोघांचंही पाणी कळतं.

बाकीची पोरं तोवर बाकावर. त्यांच्यासमोर व्हॉट्सॲपवर आलेला एखादा मेसेज कागदावर छापून ठेवते. मागे एका पुराचा फोटो होता, "आपल्याच घाटातला" म्हणून फिरलेला. खरं-खोटं विचारतच नाही, तुक्का लागतो. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, खात्री करायला तू शोधताना कोणते शब्द टाकशील, हे वहीत लिहायचं. "पुराचा फोटो" लिहिणारं पोर आणि गावाचं, नदीचं नाव, वर्ष टाकणारं पोर यांत फरक लगेच दिसतो.

एक लबाडीही करते. काम रंगात आलं की जवळ जाऊन म्हणते, "अगं, अर्जासाठी आईच्या फोनवर ओटीपी आला असेल, सांग बरं पटकन, साइट बंद होतेय." बरीच पोरं खिशात फोन नसतानासुद्धा "घरी जाऊन सांगते बाई" म्हणतात. शिक्षक मागतोय म्हटल्यावर द्यायचाच, असं आपणच त्यांना शिकवलंय. मागच्या वर्षी एकीने सरळ सांगितलं, "बाई, तुम्हालापण नाही." तिला त्या ओळीत पूर्ण गुण.

माझ्या नोंदीत प्रत्येकाला चारच ओळी. काम झालं का. अडल्यावर काय केलं. दुसऱ्याला सांगता आलं का. खासगी माहिती जपली का. सगळ्यात जास्त गुण दुसऱ्या ओळीला. मित्राला विचारलं तरी गुण, मागे जाऊन पुन्हा केलं तरी गुण. माझ्या तोंडाकडे बघत बसलं तर नाही.

आयटीवाल्या सरांना एक सांगते. या चार ओळी मी काम सुरू व्हायच्या आधी फळ्यावर लिहिते आणि पालकसभेत वाचून दाखवते. मग भांडायला कुणी येत नाही.

केंद्रचालक_बार्शी

एमएस-सीआयटी, म्हणजे संगणक साक्षरतेची परीक्षा, 2001 साली सुरू झाली, आमचं केंद्र त्यानंतर लगेचचं. बाईंची जोडीची पद्धत पटली. पण अडल्यावर काय केलं याला सगळ्यात जास्त गुण, हे पटलं नाही. नोकरीत कुणी थांबत नाही, काम झालेलं लागतं. आमच्याकडे जीसीसी-टीबीसीला (संगणक टायपिंगची सरकारी परीक्षा) मराठी 30 शब्द प्रतिमिनिट येईना म्हणून रडणारी पदवीधर पोरं रोज बघतो. शाळेत टायपिंगची बोटंच बसत नाहीत. आता तर फोनला बोलून लिहितात. तुमच्या अर्जात बोलून लिहिलेलं चालतं का?

जुन्नरच्या_बाई

चालतं. तपासायचं मात्र त्यांनी. मुद्दाम ऱ्हस्व-दीर्घाची आणि आडनावांची वाक्यं देते. फोन "पाणी" बरोबर लिहितो आणि आडनावाची वाट लावतो. बोलून आलेल्या मजकुरात काय बिघडलंय ते न सांगता ज्याला दिसतं, त्याच्याकडून मला तेरा-चौदाव्या वर्षी 30 शब्दांचा वेग नकोय. बोटं बसवायला तुमचं केंद्र आहेच की, सुट्टीत येतील.

माणदेशी_मास्तर

बाई, दंडवत. एक अडचण उरतेच. आमच्या मुलींपैकी बऱ्याच जणींच्या हातात घरी फोन येतच नाही. भावाचा असतो, तो संध्याकाळी मिळाला तर मिळाला. पहिल्याच प्रात्यक्षिकात त्या मागे पडणार आणि मी त्यांना कमी श्रेणी देऊन मोकळा होणार. हे मला बरं वाटत नाही.

जुन्नरच्या_बाई

हे फक्त सांगोल्याचं नाही. प्रथम या संस्थेच्या असर 2023 या पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींना फोन हातात देऊन कामं सांगितली होती: गजर लावा, माहिती शोधा, नकाशावर बघून पोचायला किती वेळ लागेल ते सांगा, व्हिडिओ पाठवा. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांत 43.7 टक्क्यांकडे स्वतःचा होता, मुलींत 19.8 टक्के. कामांतही मुली मागे होत्या. ज्या यंत्राला रोज हात लागत नाही त्यावर मागे पडणारच की.

म्हणून चाचणी फक्त शाळेच्या मशीनवर घ्या, स्वतःचा फोन कुणालाच नको. सरावाच्या तासाला जोडीत मुलगी असेल तर माउस आधी तिच्या हातात, आणि मुलगा तो ओढून घेतो का याकडे लक्ष ठेवा. ओढतोच. पहिल्या प्रात्यक्षिकाची श्रेणी लावूच नका, नुसती नोंद करा. महिन्याने त्याच प्रकारचा दुसरा अर्ज द्या, श्रेणी त्याची.

नोंदपत्रक उद्या इथे टाकते, वर्डमध्ये. पीडीएफ मुद्दाम देत नाही. तुमच्या वर्गाला लागतील त्या ओळी बदला, नाहीतर तेही वर्णनात्मक नोंदींसारखं जिल्हाभर फिरायचं.